जोडवी रुतायला लागली, तेव्हा आम्ही हसलो होतो

मागच्या वेळी आपण परसबागेबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा जड आहे, पण तो आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. म्हणून हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

आमच्या गटात एक मावशी आहेत. वय त्रेपन्न. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. मागच्या वर्षी एका मासिक बैठकीत बसता बसता त्या म्हणाल्या, "अगं, जोडवी रुतायला लागली बघ. काल साबण लावून काढली." आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही सुखाने जाड झाला." मावशीही हसल्या. पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "आडवं पडलं की दम कोंडतो. भिंतीला टेकून झोपते मी." आम्ही म्हणालो, वय झालं, आता काम कमी करा. तिसऱ्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. आदल्या रात्री दोन वाजता त्यांना १०८ च्या गाडीने तालुक्याला न्यावं लागलं होतं.

तिथे डॉक्टर म्हणाले, हे हार्ट फेल्युअर आहे. मग त्यांनी विचारलं, बीपी कधीपासून आहे? सुनेने सांगितलं, सहा वर्षांपूर्वी एका शिबिरात वाढलेलं निघालं होतं. दोन महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं म्हणून बंद केल्या.

त्या सहा वर्षांत मावशी आमच्या एकाही बैठकीला चुकल्या नव्हत्या. त्यांनी किती बचत भरली, म्हशीसाठी किती अंतर्गत कर्ज उचललं, किती व्याज फेडलं, हे सगळं रजिस्टरला आहे. त्यांचं बीपी मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. ही बोच आम्हाला लागली. म्हणून आम्ही आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून हा आजार समजून घेतला आणि आज तुम्हाला सांगायला बसलो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. हार्ट फेल्युअर म्हटलं की आपल्याला वाटतं, हृदय बंद पडलं, माणूस गेला. तसं नाही. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. हार्ट अटॅक म्हणजे वेगळं. त्यात हृदयाच्या स्वतःच्या नळीत अडथळा येतो आणि हृदयाचा तेवढा भाग रक्तावाचून मरायला लागतो. अटॅक काही मिनिटांत येतो. हार्ट फेल्युअर बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तयार होत असतं. आणि ते तयार होतं त्याचं मूळ पुष्कळदा हृदयात नसतं, रक्तवाहिन्यांत असतं. आज आपल्याला समजून घ्यायचं आहे ते हेच.

हृदय आपल्या मुठीएवढं. ते दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. शांत बसलेलं असतानाही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. दिवसाचा हिशेब केला तर सात हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणाऱ्या एखाद्या टँकरएवढं. अंगात रक्त पाचेक लिटरच, पण तेच पुन्हा पुन्हा फिरवायचं असतं. ते फिरतं रक्तवाहिन्यांतून. काही बोटाएवढ्या जाड, काही केसापेक्षाही बारीक.

आता विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. मोटार नवी आहे, पण ठिबकच्या नळ्यांत क्षार बसलेत. पाणी पुढे जात नाही, मोटार तापते. आपण स्टार्टर बंद करतो, नळ्या धुतो, मग पुन्हा चालू करतो. हृदयाला स्टार्टर नाही. नळ्या कशाही असल्या तरी त्याला चालावंच लागतं. मग त्याचं काय होतं?

पहिली वाट बीपीची. बीपी म्हणजे रक्ताचा नळ्यांच्या भिंतींवर पडणारा दाब. तरुणपणी या भिंती नव्या रबरी नळीसारख्या लवचिक असतात. दाब सतत जास्त राहिला की त्या जाड आणि कडक होत जातात. कडक नळीत रक्त ढकलायला हृदयाला प्रत्येक ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. घण मारणाऱ्या लोहाराचा दंड जसा भरतो, तशी हृदयाची डावी भिंत जाड होते. लोहाराला त्याचा फायदा होतो, हृदयाला होत नाही. जाड झालेली भिंत ताठर होते, नीट सैल पडत नाही, मग आत रक्त भरायला जागा पुरत नाही. असंच चालत राहिलं तर काही जणांचं हृदय पुढे ताणून मोठं होतं आणि त्याचा जोरच जातो.

हे डॉक्टर नुसत्या अंदाजाने बोलत नाहीत. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९४८ साली पाच हजारांवर बायका-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षं त्याच माणसांची नोंद ठेवली गेली. कोणाला हृदयाचा आजार होतो आणि त्याआधी त्याच्या अंगात काय चाललेलं असतं, हे पाहायचं होतं. १९९६ साली त्या नोंदींवरून असं छापून आलं की ज्यांना हार्ट फेल्युअर झालं, त्यांतल्या शंभरातल्या ९१ जणांना आधीपासून वाढलेलं बीपी होतं. बघा, इतकं सगळं कळलं ते नियमित नोंद ठेवल्यामुळे. आपल्या गटाच्या बायांना नोंदीचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांची. सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही रक्त लागतंच. ते त्याला बाहेरून वेढलेल्या करोनरी धमन्यांतून मिळतं. वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू आणि रक्तातलं जादा कोलेस्टेरॉल यांनी या धमन्यांचं आतलं मऊ अस्तर खराब होतं. त्यावर चरबीचा थर बसत जातो. नळी अरुंद झाली की चढ चढताना, डोक्यावर भारा घेतल्यावर छाती भरून येते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि नळी बंद होते. तोच हार्ट अटॅक. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर तेवढा भाग मरतो आणि तिथे व्रण उरतो. व्रण आकुंचन पावत नाही. औतात चार बैल असावेत, त्यातला एक बसावा आणि ओझं उरलेल्या तिघांवर यावं, तसं होतं. उरलेलं हृदय काही महिने, काही वर्षं ओढतं आणि मग थकतं. म्हणून "अटॅक येऊन गेला, आता सगळं ठीक" असं समजून गोळ्या सोडायच्या नाहीत.

तिसरी वाट बारीक नळ्यांची, आणि ती आपण बायांनी नीट ऐकायची. साखरेचा आजार आणि बीपी मोठ्या नळ्यांबरोबर हृदयाच्या मांसात शिरलेल्या केसाएवढ्या नळ्याही खराब करतात. मग मोठ्या नळ्यांत ब्लॉकेज सापडत नाही, पण हृदय ताठर होतं. असं ताठर हृदय उतारवयातल्या बायांमध्ये जास्त आढळतं. आपल्याकडे घरोघरी विचारतात, "हार्टचं पंपिंग किती आहे?" सोनोग्राफीसारखी इको नावाची तपासणी असते, त्यात हा आकडा येतो. एका ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं, त्याचे ते टक्के. निरोगी माणसाचेही ते शंभर नसतात, साधारण ५५ ते ७० असतात. म्हणून ३५ ऐकून "आता पाव-तृतीयांशच हृदय उरलं" असं समजून हाय खाऊ नका. आणि ताठर हृदयात पंपिंग ६० दाखवूनही दम लागू शकतो. रिपोर्ट चांगला आला तरी बाई खोटं बोलत नसते, हे घरच्यांनीही लक्षात घ्यावं.

आता जोडवी का रुतली ते सांगतो. हृदय कमी पडलं की किडनीकडे रक्त कमी जातं. किडनीला वाटतं, अंगात पाणी कमी झालं. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी खाली उतरतं, पाय सुजतात. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो लगेच भरत नाही. हृदयाच्या मागे रक्त तुंबलं की फुफ्फुसातही पाणी साठतं. आडवं पडलं की ते पसरतं, म्हणून बाईला दम कोंडतो, ती उठून बसते, उशा वाढवते. रात्री दम कोंडून जाग येणं, थोडं चालल्यावर धाप लागणं, काही न करता थकवा, दोन-तीन दिवसांत वजन अचानक दोन किलो वाढणं, या सगळ्या त्याच खुणा आहेत.

प्रत्येक सूज हृदयाचीच असते असं नाही. रक्त कमी असणं, किडनीचा आजार, थायरॉईड, बीपीच्या काही गोळ्या, यांनीही पाय सुजतात. हृदय थकायला रक्तवाहिन्यांखेरीज दुसरी कारणंही असतात, झडपा खराब होणं हे त्यातलंच एक. म्हणून घरी बसून निदान करायचं नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही. दाखवायचं.

आता आपल्या नळ्या बिघडतात कशाने, ते पाहू. मिश्रीपासून सुरू करतो, कारण ती आमच्याही गटात होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, नळ्या आवळतं आणि दाब वाढवतं. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते" असं म्हणणाऱ्या ताईंनी हे ऐकावं. चुलीचा धूरही नुसता डोळ्यांना आणि छातीला त्रास देत नाही, नळ्यांनाही देतो. गॅस भरणं परवडत नसेल तेव्हा निदान चूल मोकळ्या हवेत मांडावी.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. हिशेब करू. घरात पाच मोठी माणसं, पाच ग्रॅम, तीस दिवस. झालं पाऊण किलो. यातच लोणचं, पापड, कुरडया, खारे मासे, फरसाण, सगळं आलं. तुमच्या घरात महिन्याला मिठाच्या किती पिशव्या लागतात, ते आज संध्याकाळी मोजा. सैंधव किंवा खडेमीठ वापरलं तरी ते मीठच. ताटात वरून मीठ वाढायचं बंद करणं, इथून सुरुवात सोपी जाते.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या. खुरपणी करून आलो की दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, ही आपली सवय. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. थकलेलं हृदय त्यामुळे आणखी अडचणीत येतं. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

नसा धुऊन काढणारा काढा आहे का, असं बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं. ठिबकच्या नळीत ॲसिड सोडून क्षार काढता येतो. माणसाच्या नळीतला थर धुऊन काढणारा काढा नाही. त्यावर पैसे घालवू नका, आणि त्यापायी चालू गोळ्या तर मुळीच थांबवू नका.

करायचं काय, तर पहिलं म्हणजे बीपी मोजायचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात, फुकट तपासतात. आशाताई त्याचा फॉर्म भरून घेते. मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेका, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नको, मिश्री नको, आणि लघवी तुंबवून बसू नका. १२०/८० च्या आत चांगलं. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर तो आजार समजून उपचार घ्यायचे. ज्यांचं बीपी गरोदरपणात वाढलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयाच्या आजाराचा धोका जास्त असतो. त्यांनी दर वर्षी न चुकता मोजावं.

दुसरं, गोळी. बीपी बहुतेकींना जाणवत नाही. डोकं दुखत नाही म्हणून बीपी नाही, असं नसतं. गोळीने आकडा उतरतो, बीपी गेलेलं नसतं. आमच्या मावशींची चूक तिथेच झाली, आणि ती आपल्यातली कुणीही करते. उपचार नीट चालू ठेवले तर वयस्कर माणसांत हार्ट फेल्युअरचा धोका जवळपास निम्म्याने उतरतो, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. संपायच्या आठवडाभर आधी आणायच्या.

तिसरी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये लघवीवाटे पाणी काढायची गोळी देतात, आपण तिला पाण्याची गोळी म्हणतो. मजुरीच्या दिवशी मावशी ती घ्यायच्याच नाहीत. शेतात आडोसा नाही, एसटीत चार तास बसायचं, मग सारखी लघवीला कुठे जाणार? लाजून त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. डॉक्टरांना वाटलं, गोळी लागू पडत नाही. शेवटी आमच्यातली एक जण बरोबर गेली आणि तिने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली. मैत्रिणींनो, गोळी आपल्या मनाने सोडू नका, अडचण काय आहे ते सांगा. एकटीला लाज वाटत असेल तर गटातल्या कुणाला तरी बरोबर न्या.

चौथं, वजन. ज्यांना हार्ट फेल्युअर सांगितलं आहे, त्यांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करावं आणि लिहून ठेवावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, लगेच दवाखाना गाठावा. दिवसाला पाणी किती प्यायचं, तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि पाचवं, अटॅक ओळखा. छातीत दडपण, हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, एकदम दम लागणं. बायांना कधी छातीत फारसं दुखतच नाही, नुसता जीव घाबरा होतो, ओकारी येते. सोडा पिऊन, शेक देऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. जितका उशीर, तितका हृदयाचा जास्त भाग मरतो, आणि उरलेल्या जन्माचं ओझं वाढतं. हृदयाच्या अनेक मोठ्या उपचारांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवा आणि योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

आमच्या मावशी आता घरी आहेत. हंडा उचलत नाहीत, खुरपणीला जात नाहीत. गोळ्या, मिठाचा हिशेब आणि सकाळचं वजन सांभाळून रोज सावकाश देवळापर्यंत चालत जातात. म्हशीचं कर्ज अजून फिटायचं आहे. गटाने हप्ता लहान करून दिला आहे.

गटाने ठराव करून बीपीचं मशीन आणि वजनकाटा घेतला. बचतीच्या रजिस्टरला नावापुढे एक रकाना वाढवला. दर महिन्याला हप्ता घेताना आधी हाताला पट्टा बांधतो, आकडा लिहितो, मग पैसे मोजतो. पहिल्याच बैठकीत तिघींचं बीपी वाढलेलं निघालं. त्यातली एक चौतीस वर्षांची आहे, आणि तिला काहीच त्रास होत नव्हता. तिघींनाही पुढच्या बाजारच्या दिवशी आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. परवाच्या बैठकीत त्या चौतीस वर्षांच्या ताईचा आकडा १२६/८२ आला. मावशींनी तो स्वतःच्या हाताने रजिस्टरला लिहिला.

तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही एक रकाना आखा. आणि कुणी म्हणाली, जोडवी रुततात, तर हसू नका. नडगीवर बोट दाबून बघा.

भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.